ऑडिट आले की पोटात गोळा का यावा?



३१ मार्चला हिशेबाचे वर्ष संपते. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि तिच्यापुढे लेखापरीक्षण अहवाल ठेवावा लागतो. म्हणजे ऑडिट काही अचानक येत नाही, बेंदरासारखे दरसाल येते. तरी लेखापरीक्षक यायचे म्हटले की आमच्या शेतकी खात्यात धांदल उडायची. चिटबॉयपासून आमच्यापर्यंत कोणाला जेवण गोड लागायचे नाही.

याचे मूळ आम्हाला काही वर्षांपूर्वी उमगले. एका गटात बेणे व खत उधारीचे रजिस्टर चार महिने लिहिलेलेच नव्हते. ऑडिटच्या आदल्या रात्री तिघांनी बसून ते पुरे केले. सकाळी लेखापरीक्षकांनी पाने उलटली आणि एवढेच विचारले, "जून ते सप्टेंबर एकच पेन चालले का हो?" नोंदी खऱ्या होत्या, खत खरोखरच वाटले होते. पण विश्वास गेला. त्या गटाची पावती न् पावती तपासली गेली आणि शेरा यायचा तो आलाच. पुढे त्याच्या दोष दुरुस्ती अहवालासाठी जी पायपीट झाली, तिच्या दहाव्या हिश्श्यात रोजचे रजिस्टर लिहून झाले असते.

तेव्हापासून दर महिन्याला दोन गटांची माणसे एकमेकांची दप्तरे पाहतात, कारण आपल्या अक्षरातली चूक आपल्याला दिसत नाही. ऊस नोंदीतील क्षेत्र सातबाऱ्याशी जुळते का, लागणीची तारीख व जात लिहिली का, मुकादमाच्या उचलीला करार आणि पावती आहे का, वजनकाट्याच्या वार्षिक पडताळणीचा दाखला जागेवर आहे का, एवढे पाहिले तरी निम्मे ओझे उतरते. चूक सापडली तर खाडाखोड करायची नाही. एक रेघ मारून वर दुरुस्ती, सही व तारीख. अशा चुकांचा एक कागद आम्हीच तयार करतो आणि लेखापरीक्षकांच्या हाती पहिल्याच दिवशी देतो. पहिल्या साली तो देताना आमचा हात कापला, हे कबूल करतो.

चूक सांगणाऱ्याला रागवायचे नाही असेही ठरवले. हे सर्वांत जड गेले, कारण आवाज चढतो तो आमचाच! पण पोरगा भ्याला की चूक झाकतो, आणि झाकलेली चूक जूनमध्ये नेमकी परक्याच्या हाती लागते.

आता यात सभासदांचा संबंध काय? संबंध पैशाचाच आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत रास्त व किफायतशीर दराचे पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. हे दिवस मोजायचे तर वजन पावतीवरील तारीख आणि बिलाची तारीख दोन्ही पक्क्या पाहिजेत. म्हणून पावत्या पत्र्याच्या डब्यात का होईना, जपून ठेवा.

दुसरे म्हणजे बाकी खात्रीपत्र. तुमच्या नावे किती येणे, किती देणे हे त्यावर असते. पुष्कळ सभासद ते कोरेच ठेवतात. "सही केली तर कर्ज अंगावर बसेल," असे एक काका आम्हाला म्हणाले. तर सरळ सांगतो, आकडा पटला तरच सही करा. पटला नाही तर त्याच कागदावर "मान्य नाही, माझ्या हिशेबाने एवढे" असे लिहून परत द्या. कोरा राहिलेला कागद मात्र तुमच्याही कामाचा नाही न् आमच्याही. खतेदार वारले असतील तर वारस नोंदीचे कागद सोबत जोडा. मयताच्या नावावरची बाकी दरसाल अडते आणि बिलही अडकते.

खात्रीपत्रे गट ऑफिसात द्यावीत. चिटबॉय फडावर आला तर त्याच्याजवळ दिले तरी चालेल, फक्त पोच मागून घ्या.