मुरगावचा थांबा आणि हलशीची वाट

पावसाळा सरला की मुरगाव बंदरात पर्यटक जहाजे येऊ लागतात. सकाळी धक्क्याला लागलेले जहाज बहुधा त्याच सायंकाळी निघते. या थांब्यात एखादे ऐतिहासिक स्थळ पाहायचे असेल, तर निवड नकाशावरून नव्हे, घड्याळावरून करावी लागते.

समजा, जहाज सकाळी ८ वाजता लागले आणि सायंकाळी ६ वाजता सुटणार आहे. उतरण्याचे सोपस्कार आटोपून बंदराबाहेर पडेपर्यंत ९ वाजतात. सुटण्याच्या सुमारे तासभर आधी, म्हणजे ५ वाजता, जहाजावर परतलेले असावे लागते. वाटेतील कोंडीसाठी आणखी एक तास राखून ठेवला, तर प्रत्यक्षात हाती उरतात सात तास.

जुने गोवे बंदरापासून सुमारे ३० किलोमीटरवर, तासाभराच्या अंतरावर आहे. जाऊन-येऊन दोन तास वजा केले, तरी १६०५ मध्ये पूर्ण झालेले बाँ जेझूस चर्च आणि समोरचे से कॅथेड्रल निवांत पाहता येते. जंगलातील तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन महादेव मंदिराला एका बाजूने सुमारे दोन तास लागतात. तरीही पाहण्यासाठी पुरेसा अवधी उरतो. मात्र ही दोन्ही स्थळे एकाच थांब्यात उरकण्याचा मोह टाळलेला बरा.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील हलशी मात्र या हिशेबात बसत नाही. अनमोड घाट चढून, लोंढ्यावरून तेथे पोहोचायला साडेतीन तास तरी हवेत. सातही तास प्रवासातच संपतील आणि मंदिराच्या पायरीवरून परतावे लागेल.

ही अडचण खटकते, कारण मुरगावला उतरणाऱ्यासाठी हलशी परकी नाही. जहाज ज्या झुआरीच्या मुखाशी लागते, त्याच नदीच्या काठी, आजच्या गोवा वेल्हा परिसरात, गोव्याच्या कदंबांची बंदर असलेली राजधानी गोपकपट्टण होती. घाटमाथ्यावरील हलशी ही त्यांची दुसरी राजधानी. त्याच्याही कितीतरी आधी, पाचव्या-सहाव्या शतकांत, बनवासीच्या कदंबांच्या ताम्रपटांत हे गाव ‘पलाशिका’ म्हणून येते. तेथील बाराव्या शतकातील भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. समुद्रावरचा व्यापार आणि घाटावरची सत्ता ही एकाच राज्याची दोन अंगे होती. आज गोव्याच्या बसगाड्यांवर ज्या घराण्याचे नाव आहे, त्याची अर्धी कहाणी कर्नाटकच्या हद्दीत आहे. केवळ जुने गोवे पाहून परतणाऱ्या प्रवाशाला गोव्याचा इतिहास पोर्तुगीजांपासूनच सुरू झाला असे वाटले, तर दोष त्याचा नाही.

म्हणून हलशी पाहायची ती थांब्यात नव्हे, प्रवासाच्या शेवटी. ज्यांची सफर मुरगावलाच संपते, त्यांच्यामागे भोंग्याचा तगादा नसतो. बेळगाव किंवा निपाणीकडे परतणाऱ्या कुटुंबाला तर लोंढा-खानापूर ही घरचीच वाट. थोडी वाकडी वाट केली की हलशी येते. बेळगाव शहरात मुक्काम केल्यास दुसऱ्या दिवशी किल्ल्यातील कमल बस्ती पाहता येते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, त्याचा मंत्री बीचिराज याने १२०४ च्या सुमारास हे जैन मंदिर बांधविले. छतावरून लोंबणाऱ्या दगडी कमळामुळे त्याला हे नाव पडले.

थांब्यात उतरणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. जहाजावरचे घड्याळ आणि स्थानिक वेळ एकच आहे ना, याची उतरतानाच खात्री करावी. ओळखपत्र, जहाजाचे प्रवेशपत्र आणि बंदरावरील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक सोबत असावा. जहाज कंपनीने आखलेल्या सहलीला उशीर झाला, तर तिची जबाबदारी सहसा कंपनी घेते. स्वतंत्रपणे टॅक्सी करून गेलेल्यांसाठी जहाज थांबतेच असे नाही. मग पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. टॅक्सीचे भाडे आणि परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. चर्च असो वा मंदिर, ही पूजास्थाने आहेत. खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख असावा.

तेव्हा सात तास असतील, तर एकच स्थळ नीट पाहावे. हलशीसाठी मात्र पूर्ण दिवस राखून ठेवावा.