पित्त उठलं म्हणून थांबू नका!

एकादशीचा दिवस. दोन वर्षांच्या बाळाला तुम्ही खिचडीचे चार घास भरवता आणि पाहता पाहता त्याच्या अंगावर लाल गांधी उठतात. सासूबाई म्हणतात, "पित्त उठलंय गं, आमसुलाचं पाणी लाव." नुसत्या गांधी असतील तर लावाही, पण मैत्रिणींनो, बाळावरची नजर हलवू नका.

ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टी वाजू लागली, एकसारख्या उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडलं, तर ती तीव्र ॲलर्जी समजा. आता आमसूल राहू द्या! १०८ ला फोन करा, नाहीतर जवळचं इस्पितळ गाठा. मांडीत टोचलेलं ॲड्रिनलिन हाच यावरचा पहिला इलाज. खाजेच्या औषधानं घसा मोकळा होत नाही. तोवर मुलाला आडवं निजवा; धाप लागली असेल तर बसू द्या, पण चालवू नका. बरं वाटलं तरी लगेच घरी आणायची घाई नको. त्रास काही तासांनी उलटू शकतो.

काय खाल्लं, ते डॉक्टरांना नीट सांगा. खिचडीतलं दाण्याचं कूट कारण ठरलं, तर ते आपल्याकडे कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, चटणीतही असतंच. शेजारणीला, बालवाडीच्या बाईंना बजावून ठेवा. "चिमूटभरानं काय होतंय?" असं कुणी मायेनं म्हटलं, तरी त्या वेळी भीड धरू नका बरं!