लहान घराची आखणी

लहान घर बांधावयाचे म्हणजे मोठ्या घराचा आराखडा आखडून घ्यावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वास्तविक लहान घराचे शास्त्र वेगळे आहे. मोठ्या घरात हातभर जागा वाया गेली तर ती कोणाच्या ध्यानातही येत नाही; लहान घरात तेवढ्यामुळे एक खाट मावेनाशी होते. भारतात असंख्य कुटुंबांना आपला संसार अशाच मोजक्या जागेत मांडावा लागतो. ग्रामीण भागासाठी २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होते. आयुष्यभराची पुंजी घालून भिंती दारांच्या माथ्यापर्यंत चढाव्यात आणि छपरापूर्वीच पैसा संपावा, हा प्रसंग पुष्कळदा महागाईपेक्षाही कागदावरील चुकीमुळे ओढवतो.

ही चूक बहुधा घराच्या आकारात असते. ३६ चौरस मीटर क्षेत्राचे घर घेऊ. ते ६ मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल, तर बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी २४ मीटर भरते. तेच क्षेत्र १२ मीटर लांब व ३ मीटर रुंद असे पसरले, तर ही लांबी ३० मीटर होते. आतील क्षेत्र तर वाढत नाहीच. उलट भिंती वाढल्याने थोडे कमीच होते. ३ मीटर उंचीच्या, एका विटेच्या जाडीच्या भिंतीत या जादा ६ मीटरांसाठी सुमारे १८०० विटा लागतात. त्याखालचा पाया आणि दोन्ही अंगांचा गिलावा हा खर्च निराळाच.

तथापि अगदी चौरस घर हेच सर्वोत्तम, असेही नव्हे. उन्हाळ्यात दुपारचा सूर्य माथ्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीवरील लहानसा छज्जाही त्याला अडवितो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मात्र पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांतून छज्जाखालून सरळ आत शिरते. म्हणून घराच्या लांब बाजू उत्तरेस व दक्षिणेस असाव्यात. ७.२ मीटर लांब व ५ मीटर रुंद अशा घराच्या भिंती २४.४ मीटर भरतात, म्हणजे चौरसापेक्षा अवघ्या ४० सेंटिमीटरांनी जास्त. एवढ्या अल्प खर्चात ऊन टाळता येते आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून वाराही खेळतो. हा सौदा कोणीही करावा.

आतील मांडणीत सर्वांत मोठा चोर म्हणजे बोळ. १ मीटर रुंद व ३.५ मीटर लांब बोळ ३.५ चौरस मीटर जागा खातो. राष्ट्रीय इमारत संहितेने न्हाणीघरासाठी १.८ आणि शौचकूपासाठी १.१ चौरस मीटर एवढे किमान क्षेत्र सांगितले आहे. ही दोन्ही मिळूनही त्याहून कमीच भरतात. यास्तव एका खोलीतूनच दुसरीत जावे, परंतु दारे भिंतीच्या टोकाशी ठेवावीत. दार मधोमध असले की येण्याजाण्याची वाट खोलीचे दोन तुकडे करते आणि दोन्ही निरुपयोगी होतात. स्वयंपाकघर व न्हाणीघर एकाच भिंतीच्या दोन अंगांस असावे, म्हणजे नळ व सांडपाण्याची वाट एकच पुरते.

हे सारे विटा आणण्यापूर्वी पडताळून पाहता येते. चौकटीच्या कागदावर २ सेंटिमीटरांस १ मीटर या प्रमाणात नकाशा काढावा. खाट, कपाट, चूल यांचे त्याच प्रमाणातील कागदी तुकडे कापून त्यावर सरकवून पाहावेत. शाळेतील मुलांनाही हे सहज जमेल. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे जमिनीवर चुन्याने रेघा आखून तेथे प्रत्यक्ष खाट टाकणे.

आराखडा ठरल्यावर बांधणीतही बचत साधते. केरळात दीर्घकाळ काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी ‘रॅट-ट्रॅप’ नावाची वीटबांधणी मोठ्या प्रमाणावर वापरली. तीत विटा आडव्या न निजविता कडेवर उभ्या ठेवतात. भिंतीची जाडी तीच राहते, पण मधे सुमारे ८० मिलिमीटरांची पोकळी उरते. विटांची सुमारे एक चतुर्थांश बचत होते आणि पोकळीतील हवेमुळे बाहेरची उष्णता आत कमी पोचते. कोपरे व दाराखिडक्यांच्या कडा मात्र भरीवच बांधाव्या लागतात. विजेच्या नळ्या कोठून जाणार हेही आधीच ठरवावे. नंतर छिन्नी चालविली तर उभी वीट फुटते.

छपरातही असेच तत्त्व आहे. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण मात्र फारसा नाही. भिंतींवर टेकलेल्या स्लॅबच्या खालच्या भागात ताण असतो आणि तो पोलादी सळया पेलतात. तेथील बरेचसे काँक्रीट केवळ ओझे असते. सळयांच्या चौकटीत मंगळूरी कौले बसवून ते वगळले की तीच ‘फिलर स्लॅब’ होय. वजन घटल्याने सळईही कमी लागते. तथापि हे काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीवाचून करू नये. भूकंपप्रवण प्रदेशात तर भिंतींनाही सळयांचे व आडव्या पट्ट्यांचे बळ द्यावेच लागते.

सर्व घर एकाच वेळी पुरे झाले पाहिजे, असा मात्र नियम नाही. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर येथे आखलेल्या ‘अरण्य’ वसाहतीत अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना सुमारे ३५ चौरस मीटरांचे भूखंड मिळाले. त्यांवर जोते आणि पाणी व शौचकूप यांची सोय तयार होती. खोल्या कुटुंबांनी आपल्या ऐपतीप्रमाणे पुढे चढविल्या. १९९५ साली या वसाहतीस आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. ज्यांना असे टप्प्याटप्प्याने बांधावयाचे आहे, त्यांनी पाया पहिल्याच दिवशी वरच्या मजल्याचा भार धरून घालावा आणि जिन्याची जागा घराबाहेर, एका कडेला मोकळी सोडावी. पुढे एखाद्या खोलीतून जिना काढण्याची वेळ आली, तर वर एक खोली मिळते आणि खाली एक जाते.