उभ्याचा धंदा आणि पायांच्या फुगलेल्या शिरा

भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कामगार, बेकरीच्या भट्टीपुढचा कारागीर, खाटीक, सलूनवाला, टेलरिंगचा कटिंग मास्टर आणि कापड दुकानाच्या काउंटरवरचा सेल्समन यांच्या धंद्यांत एक गोष्ट समान आहे. दिवसाचे दहा-बारा तास ते उभे असतात. ईदच्या किंवा लग्नसराईच्या हंगामात तर बसायलाही सवड मिळत नाही. पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा दिसू लागल्या की ‘उभ्याचे काम आहे, चालायचेच’ असे म्हणून गप्प बसण्याची आपल्याकडे रीत आहे. या दुखण्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. ते वेळीच ओळखले तर थोडक्यात आटोपते. दुर्लक्ष केले तर घोट्याजवळ न भरणारी जखम होते आणि कमावता माणूस महिनोन् महिने घरी बसतो.

असे का होते?

पायातील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांत लहान झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात व रक्त वर ढकलले जाते. झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. माणूस एका जागी उभा राहिला की पोटरीचा हा पंप थांबतो आणि शिरांतला दाब वाढतो. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते आणि कातडीखालची शीर फुगते. हा दोष अनेकदा आईवडिलांकडून येतो. वाढते वय, लठ्ठपणा व स्त्रियांच्या बाबतीत बाळंतपणे यांनीही तो बळावतो. उभ्याचे काम त्यात भर घालते.

सुरुवातीला संध्याकाळी पाय जड होतात, ठणकतात, रात्री गोळे येतात. पुढे घोट्याला सूज येते, खाज सुटते, कातडी काळपट व कडक होते. काळपट डाग ही धोक्याची घंटा समजावी, कारण त्यानंतर साध्या खरचटण्यानेही जखम होऊ शकते. मलमपट्टीने ती लवकर भरत नाही, कारण मूळ दोष आतल्या शिरेत असतो.

आधी तपासणी, मग पैसे

कोणत्याही उपचाराआधी पायाच्या शिरांची कलर डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. कोणत्या शिरेची झडप बिघडली आहे आणि आतल्या खोल शिरांत गुठळी आहे की नाही, हे तिच्यातून कळते. खोल शीर बंद असताना वरची शीर बंद करणे घातक ठरू शकते. ही तपासणी न करता ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडे पैसे भरू नयेत.

उपचार कोणते?

पहिला उपाय म्हणजे दाब देणारे पायमोजे. ते सकाळी उठल्याबरोबर, सूज चढण्यापूर्वी घालावेत. त्यांनी सूज व ठणका कमी होतो, पण बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. मधुमेही व विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी पायाचा शुद्ध रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ते वापरू नयेत.

दुसरा उपाय लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीचा. बारीक नळीतून उष्णता देऊन खराब शीर आतून बंद करतात. जागा बधिर करून हे काम होते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. तिसरा उपाय फेसाच्या इंजेक्शनाचा आणि चौथा शीर बांधून काढून टाकण्याच्या जुन्या ऑपरेशनचा. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली हाच क्रम सांगितला: आधी उष्णतेचा उपचार, तो शक्य नसेल तर फेस, तोही नसेल तर ऑपरेशन. जुने ऑपरेशन मात्र कुचकामी नव्हे. खर्च परवडत नसेल तर तो चांगला पर्याय आहे.

‘शीर बंद केली तर पाय वाळेल’ ही भीती निराधार आहे. पायातले बहुतेक रक्त खोल शिरांतूनच परत जाते. काही वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते, हे मात्र आधीच समजून घ्यावे.

जखम झालेल्यांनी तर थांबूच नये. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांना दाबपट्टी बांधली होती. ज्यांची शीर लवकर बंद केली त्यांच्यापैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. ज्यांना थांबवले त्यांना ८२ दिवस लागले. हा २६ दिवसांचा फरक रोजंदारीवरच्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको.

हे टाळा

फुगलेल्या शिरेवर जोराने मालिश करू नये. हिजामा करवून घेणाऱ्यांनी त्या शिरेवर कप लावून चीर देऊ देऊ नये, कारण रक्तस्राव व जखमेचा धोका असतो. शीर फुटून रक्त आलेच तर लगेच आडवे व्हावे, पाय छातीपेक्षा उंच करावा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि दवाखाना गाठावा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा सोबत धाप लागली, तर ती गुठळी असू शकते. तेव्हा तासाभराचाही उशीर करू नये.

मालकांसाठी दोन शब्द

कोझिकोडच्या दुकानांतील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी चळवळ केली. त्यानंतर केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकान कायद्यात दुरुस्ती करून कामगारांना बसायची सोय देणे मालकावर बंधनकारक केले. आपण कायद्याची वाट कशाला पाहावी? काउंटरमागे एक स्टूल ठेवावे. तासातून पाच मिनिटे बसू किंवा चालू द्यावे. उभ्या उभ्या टाचा वर-खाली केल्या तरी पोटरीचा पंप चालू राहतो.

ज्यांच्या घोट्याजवळ काळपट डाग दिसू लागले आहेत, त्यांनी हंगाम संपण्याची वाट न पाहता याच आठवड्यात सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयाच्या सर्जरी विभागात पाय दाखवावा. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि आपला उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे.