श्वानाचे केस : झड, गळ आणि आहार

घरात पाळलेल्या कुत्र्याचे केस सतरंजीवर, गादीवर आणि क्वचित जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचू लागले म्हणजे धन्याची पहिली शंका त्याच्या खाण्यावर जाते. दूध वाढवावे, तूप घालावे, अंडी चालू करावीत असे नाना सल्ले मिळतात. एवढे करूनही केस पडावयाचे थांबत नाहीत, आणि मग आहाराचा व केसांचा काही संबंधच नसावा असा उलट टोकाचा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः येथे दोन निरनिराळे प्रश्न एकात मिसळलेले असतात. ते वेगळे केल्यावाचून कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नीट हाती लागत नाही.

हा घोटाळा होण्यास आपली भाषाही थोडीबहुत कारणीभूत आहे. केस ‘झडतात’ आणि केस ‘गळतात’ हे दोन्ही प्रयोग मराठीत सर्रास एकमेकांच्या जागी होतात. झाडाची पाने झडतात तेव्हा त्यात रोग नसतो, ऋतू असतो. पण महारोगाने बोटे झडली असेही आपण म्हणतो, आणि पिकलेले फळ गळून पडले असेही म्हणतो. म्हणजे नैसर्गिक कोणते व विकृत कोणते हा भेद या क्रियापदांच्या अंगी नाही. अलीकडे तर शहरी बोलण्यात दोहोंऐवजी ‘शेडिंग’ हा एकच परकी शब्द रूढ झाल्याने उरलासुरला भेदही पुसला गेला आहे. सोयीसाठी प्रस्तुत लेखात ठराविक क्रमाने, आपली मुदत संपल्यावर होणाऱ्या केसांच्या पडण्यास ‘झड’, आणि दोषामुळे किंवा रोगामुळे होणाऱ्या पडण्यास ‘गळ’ म्हटले आहे. कोशकारांनी हा भेद मानावा असा आग्रह नाही. विषय समजण्यापुरताच त्याचा उपयोग.

प्रथम झडीचा विचार करू. प्रत्येक केस कातडीतील एका सूक्ष्म कूपातून उगवतो. त्या रोमकूपाला वाढीचा काळ असतो, मग थोडा संक्रमणाचा आणि त्यानंतर विश्रांतीचा. विश्रांतीच्या काळात केस वाढत नाही, पण लगेच पडतही नाही. कूपात नुसता अडकून राहतो व पुढे केव्हातरी सुटतो. माणसाच्या डोक्यावरील शेकडा ८५ ते ९० केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात आणि ही अवस्था काही वर्षे टिकते. बहुतेक जातींच्या कुत्र्यांत स्थिती याच्या अगदी उलट आहे. तेथे बहुसंख्य केस विश्रांतीत असतात आणि वाढीचा काळ तुलनेने अल्प असतो. पूडल जातीचे कुत्रे यास अपवाद आहे. त्याचा केस दीर्घकाळ वाढत राहतो, म्हणून त्याची झड नजरेत भरत नाही, पण तो वरचेवर कातरावा मात्र लागतो. माणसाच्या केसांसाठी सांगितलेले उपाय कुत्र्याला जसेच्या तसे लावणे का फसते, याचे एक कारण या फरकात आहे.

हे चक्र केव्हा फिरावे याची खूण मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून मिळते. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणानुसार मेलॅटोनिन व प्रोलॅक्टिन या अंतःस्रावांत बदल होतो आणि त्यांचा परिणाम रोमकूपावर होतो. तापमानाचा वाटा त्या मानाने दुय्यम आहे. लंडनसारख्या शहरी उन्हाळ्यातील मोठ्यात मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक, तर हिवाळ्यातील लहानात लहान दिवस आठ तासांहूनही थोडा कमी असतो. मुंबईस हेच आकडे सुमारे सव्वातेरा व अकरा तास असे आहेत. उत्तरेकडील थंड देशांत वसंतात आणि शरदात दाट अंतर्लोमाचे पुंजकेच्या पुंजके पडतात. तितका स्पष्ट हंगाम महाराष्ट्रात दिसत नाही, यात नवल मानण्यासारखे काही नाही. त्यातही कुत्रे घरात राहत असेल आणि रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतील, तर आधीच क्षीण असलेली खूण आणखी पुसट होते व झड वर्षभर थोडीथोडी चालू राहते. अल्सेशियन, लॅब्राडोर, पामेरियन या जातींना वरच्या राठ केसांखाली मऊ अंतर्लोमाचा दुसरा थर असतो, म्हणून त्यांची झड अधिक जाणवते. आपल्याकडील कारवान कुत्र्याचा केस आखूड व अंगाशी बसलेला. तोही झडतो, परंतु गवगवा होत नाही.

या झडीवर आहाराची सत्ता फारशी चालत नाही. निरोगी व पुरेसे खाणाऱ्या कुत्र्याची झड कोणत्याही अन्नाने बंद होत नाही, आणि ती बंद व्हावी अशी इच्छाही धरण्याचे कारण नाही.

आहाराचा खरा अंमल दुसऱ्या ठिकाणी आहे : जो केस उगवणार तो कसा असेल, आणि ज्या कातडीतून उगवणार ती कातडी कशी असेल, येथे. केस हा जवळजवळ सर्वस्वी केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि या प्रथिनात गंधकयुक्त सिस्टीनचे प्रमाण मोठे असते. कुत्र्याला रोज लागणाऱ्या प्रथिनांपैकी शेकडा २५ ते ३० इतका भाग केस व कातडी यांच्या नूतनीकरणात खर्ची पडतो असा अंदाज आहे. शरीराला प्रथिनांची चणचण भासली की ते जगण्यास अपरिहार्य असलेल्या अवयवांची तरतूद प्रथम करते. केसांचा क्रम शेवटी लागतो. म्हणून उपासमारीची पहिली दृश्य खूण पुष्कळदा अंगावरच उमटते. केस बारीक, कोरडा व ठिसूळ होतो, आणि पडलेल्या केसाच्या जागी नवा येण्यास विलंब लागतो.

प्रथिनांचे हे महत्त्व ध्यानात येण्यास प्रयोगशाळेची विशेष गरज पडली नाही. स्निग्ध पदार्थांची गोष्ट निराळी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की, काही जीवनसत्त्वे वाहून आणण्यापलीकडे आहारातील मेद केवळ ऊर्जेचा साठा होय आणि त्याची जागा पिष्टमय पदार्थ घेऊ शकतील. १९२९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना संपूर्ण मेदविरहित आहार दिला. सर्व ज्ञात जीवनसत्त्वे पुरवूनही उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले आले, केस पडू लागले. पुढल्याच वर्षी, लिनोलिक आम्ल नावाच्या एका विशिष्ट मेदाम्लाने ही लक्षणे हटतात असे त्यांनी दाखविले. प्राण्याचे शरीर हे आम्ल स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच यावे लागते. अर्थात मेद किती खाल्ला यापेक्षा कोणता खाल्ला हा प्रश्न पुढे आला. १९४० नंतरच्या दशकात आरिल्ड हॅन्सन व हिल्डा वीस यांनी हाच प्रयोग कुत्र्यांवर केला. मेदहीन आहारावरील कुत्र्यांचे केस राठ व निस्तेज झाले आणि कातडीचे पापुद्रे निघू लागले.

लिनोलिक आम्लाचे कातडीतील काम आता बरेचसे उलगडले आहे. कातडीच्या सर्वांत बाहेरच्या थरातील पेशींच्या दरम्यान सेरामाइड नावाच्या स्निग्ध द्रव्याचा लिंपण असतो, आणि त्याच्या काही महत्त्वाच्या घटकांत हे आम्ल गुंफलेले असते. ते अपुरे पडले तर लिंपण सैल होतो, शरीरातील पाणी कातडीवाटे अधिक उडून जाते आणि कोंडा सुटतो. अशी कातडी खाजते. खाजविल्याने केस तुटतात व उपटले जातात. घरात दिसते ते केवळ केसांचे पुंजके, पण कारण झडीचे नसून गळीचे असते.

यासंबंधी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रमाण उपयोगी पडते. त्यानुसार प्रौढ कुत्र्याच्या आहारात दर १,००० किलोकॅलरींमागे प्रथिने २५ ग्रॅम, एकूण मेद १३·८ ग्रॅम, लिनोलिक आम्ल २·८ ग्रॅम आणि जस्त १५ मिलिग्रॅम असावे. आता महाराष्ट्रातील सुस्थित शाकाहारी घरात कुत्र्याला मिळणारा नेहमीचा दूधभात या मापाने मोजून पाहावा. निम्मी ऊर्जा म्हशीच्या दुधातून व निम्मी तांदळातून मिळते असे धरले, तर प्रथिने सुमारे २८ ग्रॅम भरतात, म्हणजे पुरेशी. एकूण मेदही २८ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे आवश्यकतेच्या दुप्पट. परंतु दुधाच्या मेदात लिनोलिक आम्ल शेकडा दोन-तीनच असते आणि तांदळात मुळी मेदच नगण्य. त्यामुळे ते जेमतेम एक ग्रॅम मिळते. जस्त चार मिलिग्रॅमही भरत नाही. हा हिशेब ढोबळ असला तरी त्यातील तफावत इतकी मोठी आहे की थोड्याफार फरकाने निष्कर्ष बदलू नये. कुत्रे गुबगुबीत दिसते, तूपदूध खाते, आणि तरीही त्याचा केस निस्तेज राहतो, या कोड्याचा उलगडा बहुतांशी येथे आहे. तेथे तुपाचा आणखी एक चमचा घातल्याने वजन वाढेल. उणीव होती तशीच राहील.

गंमत अशी की, राखणीच्या कुत्र्यापुढे पडणारी ज्वारीची शिळी भाकरी या एका बाबतीत बंगल्यातील दूधभातापेक्षा उजवी ठरते. ज्वारीत मेद थोडा असला तरी त्यातील जवळजवळ निम्मा भाग लिनोलिक आम्लाचा असतो. बाकी बाबतींत मात्र भाकरी अपुरीच. एकूण मेद तिच्यात फार कमी आणि तिच्या प्रथिनांत लायसीनची उणीव.

तेलातेलांतही मोठे अंतर आहे. जुन्या वाणांच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल शेकडा ७५ च्या घरात असते, शेंगदाण्याच्या तेलात शेकडा ३० च्या आसपास, आणि खोबरेल तेलात अवघे दोन. (अलीकडे मुद्दाम तयार केलेल्या काही करडई-सूर्यफूल वाणांत मात्र हे आम्ल फार कमी केलेले असते.) दहा किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे ७०० किलोकॅलरी लागतात, त्याची लिनोलिक आम्लाची गरज दोन ग्रॅमची, आणि ती करडईच्या चहाच्या एका चमचाभर तेलात भागते. याहून अधिक तेलाने केस अधिक चमकेल असे नाही; पोट मात्र बिघडेल आणि स्वादुपिंडास सूज येण्याचा धोकाही संभवतो.

जस्ताचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथे ताटात किती आहे एवढ्यावर भागत नाही. धान्याच्या कोंड्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते आणि जोडीला चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण जास्त असेल तर ते शोषले जाणे आणखी कठीण होते. १९६३ मध्ये रॉबर्टसन व बर्न्स यांनी कुत्र्यांतील जस्ताच्या उणिवेचे जे वर्णन केले, त्यातही आहारात जस्त कमी आणि कॅल्शियम अधिक होते. वाढत्या पिल्लाची हाडे बळकट व्हावीत म्हणून भाकरीबरोबर कॅल्शियमची भुकटी सढळ हाताने देणारे लोक नकळत हीच परिस्थिती घडवून आणतात. डोळ्यांभोवती व तोंडाभोवती केस जाऊन खपल्या धरणे, पंजांच्या गाद्या जाड होऊन भेगाळणे, ही याची लक्षणे. सायबेरियन हस्की व अलास्कन मॅलम्यूट या जातींत तर आहार यथायोग्य असूनही जस्ताचे शोषण कमी पडण्याची प्रवृत्ती आढळते. मटणासारख्या मांसात जस्त भरपूर व सुलभ असते. जस्ताच्या गोळ्या मात्र पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत, कारण त्यांचे आधिक्यही अपायकारक आहे.

अंड्याविषयी एक खुलासा अवश्य आहे. कच्च्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हे बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून टाकते. शिजविल्यावर ते निष्प्रभ होते. केसांसाठी अंडे द्यावयाचे तर ते उकडूनच द्यावे.

रंगाच्या बाबतीत तर आहाराचा परिणाम अधिकच सूक्ष्म आहे. काळ्या केसातील रंगद्रव्य टायरोसीन या अमिनो आम्लापासून बनते. काळ्या मांजरांवरील प्रयोगांत असे आढळले की, शरीराच्या वाढीला पुरे पडणारे टायरोसीन व फेनिलॅलनीन केस काळा राखण्यास पुरत नाही. केस तांबूस होतो. काळ्या कुत्र्यांतही पुढे असेच दिसून आले. अर्थात उन्हाने विटलेला केसही तांबूस दिसतो, तेव्हा अंगणात दिवसभर पडून राहणाऱ्या कुत्र्याविषयी घाईने निर्णय करू नये.

निर्णयाची घाई आणखी एका कारणाने नडते. कुत्री व्यायल्यानंतर, किंवा कुत्र्याला मोठा ताप येऊन गेल्यानंतर, एक-दोन महिन्यांनी पुष्कळ केस एकदम पडतात. कारण मागे पडलेले असते. नेमके त्याच सुमारास बदललेल्या खाण्यावर दोष येतो. उलट, गोचिड्या, पिसवा, खरजेचे किडे किंवा अवटू ग्रंथीचे मांद्य यांमुळे टक्कल पडत असता धनी निरनिराळी तेले पाजून पाहत राहतो आणि रोग बळावतो. चकत्यांनी केस जाणे, दोन्ही कुशींवर सारखेच जाणे, सतत खाजविणे, कातडी काळी वा तेलकट होणे, ही झडीची लक्षणे नव्हेत. तेथे ताट बदलण्याआधी पशुवैद्याकडून कातडी खरवडून तपासून घेणे इष्ट.

आहार खरोखरच उणा असेल आणि तो सुधारला, तर किती दिवसांनी फळ दिसावे? कातडीच्या बाह्य थरातील पेशी सुमारे तीन आठवड्यांत बदलतात. कोंडा व खाज त्या मानाने लवकर कमी होऊ शकते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुळात परिपूर्ण आहार मिळणाऱ्या कुत्र्यांना जस्त व लिनोलिक आम्ल यांची एकत्र भर दिली असता काही आठवड्यांत केसांची चमक वाढल्याचे व कातडीवाटे उडणारे पाणी घटल्याचे नोंदले गेले. ही चमक मुख्यतः केसावर पसरणाऱ्या त्वचेच्या तैलांशाची असावी, कारण उगवून पुरा झालेला केस निर्जीव असतो आणि आतून दुरुस्त होत नाही. निकृष्ट आहाराच्या काळात उगवलेला राठ केस विश्रांतीची मुदत भरून सुटेपर्यंत अंगावर तसाच राहतो. आखूड केसांच्या कुत्र्यात तीन-चार महिने, तर लांब केसांच्या कुत्र्यात वर्ष-दीड वर्षही त्यासाठी जाऊ शकते. या मुदतीत धन्याने रोज फणी करून सुटा झालेला केस काढीत राहावे, आणि ज्या झडीची तो तक्रार करीत होता तिचीच वाट पाहावी.