उष्णताप्रिय जिवाणू : वलययुक्त प्रदूषकांचे विघटन आणि त्याच्या मर्यादा

तेलगळती, कारखान्यांचे सांडपाणी आणि अर्धवट जळालेल्या पीक अवशेषांची काजळी यांतून फिनॉल, नॅप्थलीन यांसारखी अरोमॅटिक संयुगे जमिनीत व पाण्यात मिसळतात. त्यांच्या रेणूतील सहा कार्बन अणूंचे बेंझीन वलय अत्यंत स्थिर असल्याने त्यांचे विघटन सहजासहजी होत नाही. काही उष्णताप्रिय जिवाणू मात्र हे वलय फोडून त्यातील कार्बनचा अन्न म्हणून उपयोग करतात.

जिओबॅसिलस थर्मोलिओव्होरन्स या जातीच्या काही वाणांमध्ये ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानात फिनॉल किंवा नॅप्थलीन यांचे विघटन करण्याची क्षमता आढळली आहे. प्रथम विकरांच्या साहाय्याने फिनॉलला ऑक्सिजन जोडला जाऊन कॅटेकॉल तयार होते. त्यानंतर लोहयुक्त डायऑक्सिजनेज विकर ऑक्सिजनचे दोन्ही अणू कॅटेकॉलमध्ये समाविष्ट करते व वलय उघडते. उघडलेल्या साखळीपासून लहान सेंद्रिय आम्ले बनतात आणि ती पेशीच्या ऊर्जाचक्रात वापरली जातात.

उष्णतेमुळे अशी संयुगे पाण्यात अधिक विरघळतात व जिवाणूंना लवकर उपलब्ध होतात. तथापि, तापमान वाढते तसे पाण्यात विरघळणाऱ्या ऑक्सिजनचे प्रमाण घटते. म्हणजेच विघटनासाठी ऑक्सिजनची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच त्याचा तुटवडा जाणवतो.

कंपोस्ट ढिगाच्या ५५ ते ६५ अंशांच्या उष्ण अवस्थेलाही हेच तत्त्व लागू पडते. ढीग वेळोवेळी उलथून हवा खेळती ठेवावी आणि ओलावा ५० ते ६० टक्के राखावा. तापमान ७० अंशांच्या वर गेल्यास बहुतेक उपयुक्त जिवाणूंची क्रियाशीलता मंदावते.

उष्ण ढीग म्हणजे सर्व विषांवरचा उतारा नव्हे. शिसे, कॅडमियम ही मूलद्रव्ये असल्याने त्यांचे विघटन होतच नाही. क्लोपायरॅलिड व अमिनोपायरॅलिड या तणनाशकांमध्ये बेंझीनऐवजी नायट्रोजनयुक्त पिरिडीन वलय असते. अमेरिका व ब्रिटनमध्ये त्यांचे अंश कंपोस्ट किंवा शेणखतात टिकून राहिल्याने टोमॅटो व शेंगवर्गीय पिकांना इजा झाली होती. त्यामुळे औद्योगिक गाळ व तेलकट माती शेतातील कंपोस्टमध्ये मिसळू नये.

बाहेरून आणलेल्या पेंढ्याची किंवा शेणखताची शंका असल्यास तयार खत मातीत मिसळून कुंडीत घेवडा पेरावा व शेजारी खत न घातलेली कुंडी तुलनेसाठी ठेवावी. खताच्या कुंडीतील कोवळी पाने दोन-तीन आठवड्यांत आकसली वा वाकडी झाली, तर ते खत भाजीपाल्यास देऊ नये.