परमुलखातील म्हातारपणाचा परवाना

गेल्या वर्षी आमच्या युनियनच्या कचेरीत खेड तालुक्यातले एक गृहस्थ आले होते. वय ५८. दुबईत एकाच मालकाकडे २९ वर्षे त्यांनी सेंट्रिंगचे काम केलेले. शेवटच्या हिशेबाचे कागद आम्ही पाहून द्यावेत, एवढीच त्यांची विनंती. कागद पाहून झाले, चहा झाला, तरी ते उठेनात. मग थोडे अडखळत म्हणाले, "भाऊ, आता मला तिथंच राहता येईल का? पोरगा तिथं कामाला आहे. ओळखीपाळखी तिथल्याच झाल्या. गावात मी आता पाहुण्यासारखा."

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या दिवशी देता आले नाही. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा आम्ही शिकलो तो कामगारांच्या भांडणातंट्यांतून. तेव्हा हा विषय मुळापासून वाचून काढणे भाग पडले. त्यातून जे समजले, ते आज मंडळींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. परदेशी राहण्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली व्हिसा, म्हणजे दारातून आत येण्याची मुभा. दुसरी निवासाचा परवाना, म्हणजे ठराविक मुदतीपर्यंत आत राहण्याची मुभा. तिसरी कायमचा निवास. तो मिळाला म्हणजे मुदतीची टांगती तलवार बहुतांशी जाते. चौथी नागरिकत्व. आपले लोक या चारींना सरसकट 'व्हिसा' म्हणतात आणि दुसऱ्या पायरीवर उभे असताना आपण तिसरीवर आहोत असे समजतात. २९ वर्षांत परवाना कितीही वेळा नवा करून घेतला, तरी पायरी दुसरीच राहते.

आता दुसरी पायरी कशाच्या आधारावर मिळते, ते पाहू. मुख्य आधार तीन: नोकरी, नाते आणि पैसा. निवृत्तांसाठी जो परवाना निघतो, तो तिसऱ्या प्रकारातला. सरकार म्हाताऱ्याला म्हणते, 'तू इथे काम मागू नकोस, मदत मागू नकोस, स्वतःच्या पैशावर राहा, तो पैसा आमच्या बाजारात खर्च कर. मग खुशाल राहा.' थायलंडचे उदाहरण घ्या. तिथे वयाची ५० वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. बँकेत ८ लाख बाट, किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवावे लागते. राहण्याची मुदत एकेका वर्षाची. दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा आणि नोकरी करायची नाही. ६५,००० बाट म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत २०१४ साली किमान पेन्शन ठरले ते दरमहा १,००० रुपये. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले, की हा दरवाजा कोणासाठी आहे ते कळते.

शिवाय हे नियम दगडावर कोरलेले नसतात. मलेशियाने २००२ साली परदेशी लोकांसाठी 'माय सेकंड होम' ही योजना काढली. दरमहा १०,००० रिंगिट उत्पन्नाची तिची अट २०२१ साली एकदम ४०,००० झाली, आणि पुढे २०२४ मध्ये सगळी रचनाच पुन्हा बदलली. परवान्यावर घर बांधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की पाया आपला असला तरी जमीन दुसऱ्याची आहे.

आता त्या खेडच्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. संयुक्त अरब अमिरातीत नोकरदाराचा निवास-परवाना नोकरीला जोडलेला असतो. नोकरी संपली, की ठराविक दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात दुसरा आधार शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. दुसरा आधार म्हणून निवृत्तांचा परवाना तिथेही निघाला आहे. अमिरातीच्या मंत्रिमंडळाने २०१८ च्या सप्टेंबरात तो मंजूर केला. वय ५५, मुदत ५ वर्षांची, अटी पुऱ्या असतील तर पुन्हा ५ वर्षे. अटींपैकी एक अशी, की गाठीला किमान १० लाख दिरहमची बचत हवी. ती नसेल तर तेवढ्या मोलाचे घरदार किंवा दरमहा भरघोस उत्पन्न दाखवावे लागते.

आता कामगाराच्या बाजूने हिशेब करू. आमच्या या गृहस्थांचा मूळ पगार अखेरीस १,५०० दिरहम होता. तिथल्या कायद्यात सेवासमाप्तीचे उपदान असे आहे: पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. त्याप्रमाणे २९ वर्षांचे ८२५ दिवस होतात, म्हणजे साडेसत्तावीस महिने. परंतु कायद्याने वर झाकणही घातले आहे: एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होता कामा नये. म्हणजे हाती आले २४ महिन्यांचे ३६,००० दिरहम.

हवेत १० लाख, मिळाले ३६ हजार. जवळजवळ २८ पटींचा फरक! या उपदानावरच १० लाख उभे करायचे, तर त्या माणसाला आठशे वर्षे सेंट्रिंग लावावे लागले असते. ज्ञानेश्वरमहाराजांच्या जन्माआधीच कामावर रुजू व्हावे लागले असते.

कोणी म्हणेल, पगारातून बचत का केली नाही? केली, पण ती घरी पाठवली. त्यातून गावचे घर झाले, दोन मुलींची लग्ने झाली. बरे, बायकोमुलांना तिथे नेऊन एक चूल केली असती, तर त्यालाही अट आडवी. २०१९ साली तिथे कुटुंब आणण्यासाठी पगाराची मर्यादा ठरली ती ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची जागा. भत्ते धरूनही यांचा पगार तिथवर कधी पोचला नाही. तेव्हा दोन चुली २९ वर्षे जळत राहिल्या. आता मुलाने बापाचा जामीन व्हावे म्हटले, तर आईबापांसाठी पगाराची अट बायकोमुलांपेक्षाही मोठी आहे. तिन्ही आधार तपासले; एकही लागू होत नाही.

आपल्या देशात कोणाला ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या राष्ट्राला आहे. तो आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ठरवताना काय मोजायचे? पैसाच मोजला पाहिजे असा निसर्गनियम नाही. जर्मनीत परदेशी माणसाला कायमच्या निवासाचा जो सर्वसाधारण रस्ता आहे, त्यात ५ वर्षांचे वास्तव्य आणि पेन्शन-निधीत ६० महिन्यांची वर्गणी अशी अट आहे. शिवाय भाषा यावी, घर असावे, चरितार्थ चालावा. अटी सोप्या नाहीत. परंतु त्यांत पगारातून कापलेला महिनान् महिना धरला जातो. भारताशी त्या देशाचा सामाजिक सुरक्षेचा करारही २०१७ पासून अमलात आहे; त्यामुळे दोन्हीकडची वर्गणीची वर्षे एकत्र धरता येतात. म्हणजे श्रमाची वर्षे मोजण्याचे माप जगात तयार आहे. ते जिथे कामगाराला वापरून घेता आले नाही, तिथे त्याच्या हाती संघटना नव्हती हेही एक कारण आहे. अमिरातीत कामगारांना युनियन करता येत नाही. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार अमिरातीने मान्य केलेला नाही. आणि बोट त्यांच्याकडे दाखवताना हेही सांगितले पाहिजे, की आपल्या देशानेही तो मान्य केलेला नाही.

आपल्या घरचे आणखी एक उदाहरण. दहावी न झालेला कामगार आखाती देशांत नोकरीस निघाला, की त्याला सरकारची मंजुरी व विमा घ्यावा लागतो. हा विमा अपघाती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी १० लाख रुपयांचा आहे. चांगली गोष्ट आहे. पण जो धडधाकट राहून नुसता म्हातारा होतो, त्याचे काय? त्याच्यासाठी २०१२ साली पेन्शन व पुनर्वसनाची एक योजना निघाली होती; ती २०१७ साली बंद झाली.

तेव्हा जाणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे असे. करारावर सही करताना एकूण पगारावर खूश होऊ नका. मूळ पगार किती ते पाहा, कारण उपदान त्यावरच मोजले जाते. पहिल्या महिन्यापासून इथल्या पेन्शनसाठी काही रक्कम बाजूला टाका. राष्ट्रीय पेन्शन योजनेत परदेशी राहणाऱ्या भारतीयालाही खाते काढता येते. ज्यांची ऐपत आहे आणि ज्यांना खरोखरच परदेशी निवृत्त व्हायचे आहे, त्यांनी पाच प्रश्न विचारून घ्यावेत: मुदत किती? आजारपणाचा विमा या वयात मिळेल का, आणि कितीला? काम करता येईल का? नियम बदलले तर जुन्या माणसांचे काय? आणि परवाना नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्याच्या पश्चात बायकोला राहता येईल का? शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

आणि जे मागे राहिले त्यांनी, म्हणजे आपण सर्वांनी, आपल्या सरकारकडे मागणी केली पाहिजे, की परदेशी केलेल्या श्रमाची वर्षे करारांमध्ये मोजली जावीत आणि परत येणाऱ्याला पेन्शन असावे.

त्या गृहस्थांना पुढे आम्ही उत्तर कळवले. "राहता येणार नाही," असे स्पष्टच सांगितले. ते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "मी लावलेल्या सेंट्रिंगवर उभ्या राहिलेल्या इमारती तिथं राहतील ना?" आम्ही 'हो' म्हणालो. तेवढेच एक उत्तर आम्हांला खात्रीने देता आले.